शाळेची वाट, विहाराची वाट : सुरक्षित रस्ता आपणच आखूया

अंगुत्तर निकायात भगवंतांनी चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याच्या साधनेचे, पाच लाभ सांगितले आहेत. दूरचा प्रवास झेपतो, प्रयत्नाला बळ मिळते, प्रकृती निरोगी राहते, खाल्लेले पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता टिकते. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे शारीरिक हालचाल करावी असे सांगते. मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात ठेवायला भरभर चालणे किंवा सायकल चालवणे उपयोगी पडते.

पण आपल्या वस्तीत लोक चालत नाहीत असे नाही. आपल्या माताभगिनी कामावर पायी जातात, मुले शाळेत पायी जातात. अडचण वाटेची आहे. गटार उघडे, दिवा बंद, फुटपाथवर गाड्या उभ्या आणि शेजारून भरधाव ट्रक. वाहनाचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटर झाला, तर धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका सुमारे साडेचार पट होतो. वाट असुरक्षित असली की आजोबा घरात बसतात आणि मुलीची शाळा सुटते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, पण रस्ता धोक्याचा असेल तर ती सायकल दारातच उभी राहते.

म्हणून वस्तीचा नकाशा आपणच करूया.

१) यादी करा. शाळा, अंगणवाडी, विहार, दवाखाना, रेशन दुकान, बसथांबा. कोण, किती वाजता, कुठून जाते ते लिहा.

२) वाट चालून पाहा. एकदा शाळेच्या वेळी, एकदा अंधार पडल्यावर. सोबत शाळकरी मुलगी, कामावरून उशिरा परतणारी ताई आणि काठी टेकत चालणारे आजोबा हवेतच. तरुणाला न दिसणारी उंच पायरी आजोबांना अडते. छेडछाड कोणत्या कोपऱ्यावर होते ते मुलींनाच विचारा.

३) नकाशा काढा. मोठ्या कागदावर धोक्याच्या जागा लाल, सुरक्षित वाट हिरवी. सर्वांत जवळची वाट सुरक्षित असेलच असे नाही. दिवे आणि माणसांची वर्दळ असलेली, मोठा रस्ता कमी वेळा ओलांडावा लागणारी वाट निवडा.

४) लगेच करता येईल ते करा. मुलांनी गटाने जावे, पालकांनी पाळीपाळीने सोबत करावी. फुटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरची वाहने पाहत चाला. सायकल मात्र डाव्या कडेनेच चालवा. ब्रेक, घंटी आणि मागची लाल चकाकी तपासा. उभ्या वाहनांच्या आडून रस्ता ओलांडू नका.

५) उरलेले लेखी मागा. दिवा, गटारावर झाकण, गतिरोधक, झेब्रा पट्टे. प्रत्येक मागणीसोबत नेमकी जागा आणि फोटो जोडा, सह्या घ्या. शहरात प्रभाग कार्यालय आणि वाहतूक पोलीस, गावात ग्रामसभा. अर्जाच्या प्रतीवर पोहोचेचा शिक्का घ्यायला विसरू नका. गावातल्या वस्तीच्या रस्ते, गटारे, दिव्यांसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाची योजना आहे, तिची ग्रामपंचायतीत चौकशी करा.

अर्ज देताना मान खाली घालण्याचे कारण नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सार्वजनिक तळ्यावरचा आपला हक्क बजावला. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी आणि तलावांबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आला. सार्वजनिक रस्ता वापरण्यापासून जातीच्या कारणाने कुणालाही अडवता येत नाही. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथ हा पादचाऱ्यांचा कलम २१ खालचा हक्क असल्याचे स्पष्ट केले.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारातच कागद अंथरा. पहिली रेघ मुलांना ओढू द्या, कारण त्या वाटेने रोज तीच जातात.

जय भीम! नमो बुद्धाय!