रोपवाटिकेतील प्रकाशाची निवड

संगमनेर तालुक्यात टोमॅटोचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. संकरित बियाणे महाग असल्यामुळे रोपे आता बहुधा शेडनेटखाली, ट्रेमध्ये वाढविली जातात. त्यामुळे ऊन, पाऊस व किडी यांपासून रोपांचे रक्षण होते. परंतु आच्छादनाखालील रोपे पुष्कळदा लांबट, फिकट व बारीक देठाची निघतात. अशी रोपे लागणीनंतर वाऱ्याने लवतात व उशिरा मूळ धरतात. खत कमी पडले असे समजून कित्येक शेतकरी युरिया देतात. त्याने रोप अधिकच लांबते. खरी उणीव प्रकाशाची असते.

रोप लांबट का होते?

पानांतील हरितद्रव्य प्रकाशाच्या साहाय्याने रोपाचे अन्न तयार करते. प्रकाश अपुरा पडला की रोप त्याच्या शोधात उंच वाढते आणि देठ व मुळे दुबळी राहतात. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. रात्री घरातील दिव्याखाली तो काहीशे लक्सच भरतो. घरातील उजेड डोळ्यांस पुरेसा वाटला, तरी रोपास तो उपासमारीसारखाच होय.

आच्छादनाची निवड

५० टक्के शेडनेट म्हणजे निम्मा प्रकाश अडविणारी जाळी. उन्हाळ्यात टोमॅटो व मिरचीच्या रोपांस ती योग्य ठरते. ७५ टक्क्यांची जाळी या रोपांकरिता वापरू नये. जाळीवर धूळ साचली की प्रकाश आणखी घटतो, म्हणून ती वेळोवेळी धुवावी. पावसाळ्यात आभाळ भरून आले असता शेडनेट गुंडाळून ठेवावे. पावसापासून बचावासाठी पारदर्शक प्लास्टिक व बाजूंनी कीडरोधक जाळी पुरे.

बी पेरल्यावर ट्रे एकावर एक रचून झाकून ठेवण्याची पद्धत आहे. तिसऱ्या दिवसापासून ते रोज उघडून पाहावेत. कोंब दिसू लागताच ट्रे उजेडात मांडावेत. येथे एका दिवसाचा आळसही रोप लांबविण्यास पुरतो. लागणीपूर्वीच्या शेवटच्या आठवड्यात सावली व पाणी क्रमाक्रमाने कमी करावे, म्हणजे रोप काटक बनते.

दिव्याचा उपयोग

आपल्या भागात हिवाळ्यातील लहानात लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो. म्हणून सूर्यप्रकाश मिळत असता दिव्यावर खर्च करू नये. थोडी रोपे घरात वाढविणे भाग पडले, तरच दिवा वापरावा. जुना तारेचा बल्ब निरुपयोगी होय, कारण त्यास लागणाऱ्या विजेचा बहुतांश भाग उष्णतेत जातो. पांढऱ्या प्रकाशाच्या एलईडी नळ्या सोयीच्या ठरतात. दोन ट्रे लांबीने मांडून त्यांवर २० वॅटच्या, चार फुटी दोन नळ्या रोपांच्या शेंड्यापासून चार ते सहा इंचांवर टांगाव्यात व रोपे वाढतील तशा वर घ्याव्यात. दिवा दूर गेला की प्रकाश झपाट्याने घटतो. दिवे रोज १४ तास चालविल्यास अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक वीज लागते. रात्रभर दिवे ठेवू नयेत. अखंड प्रकाशाने टोमॅटोची पाने पिवळी पडतात.

कांद्याच्या रोपास मात्र दिव्याने दिवस वाढवून देऊ नये. दिवस मोठा झाला की कांदा गाठ धरू लागतो, आणि रोपातच गाठ धरली तर पुढील पीक वाया जाते.

गावात करावयाचे प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दुपारी रोपांवर एक फूट उंचीवर हात धरून दाखवावा. सावली ठळक पडली तर प्रकाश पुरेसा आहे. पुसट पडली किंवा पडलीच नाही तर आच्छादन कमी करावे. तसेच एकाच दिवशी पेरलेल्या दोन ट्रेंपैकी एक ओसरीच्या सावलीत व दुसरा ५० टक्के जाळीखाली ठेवावा. पंधराव्या दिवशी दोहोंतील रोपे उपटून शेतकऱ्यांच्या हाती द्यावीत. देठाची जाडी व मुळांचा भरघोसपणा पाहून फरक त्यांच्या सहज ध्यानात येईल.

टोमॅटोची थोडी लांबलेली रोपे फेकून देऊ नयेत. मातीत गेलेल्या देठास मुळे फुटतात, म्हणून ती बीजदलांपर्यंत खोल लावावीत. तथापि हा केवळ तात्पुरता इलाज होय. रोपे विकत घेताना उंचीवर न भुलता आखूड, जाड देठाचे व गर्द हिरव्या पानांचे रोप निवडावे.