दर माघ पौर्णिमेला

आमगाव,
मार्च २०२५

चि. बाई,


आपल्या गोंडांच्या कचारगडच्या जत्रेचे तुझे फोटो पाहिले. धनेगावहून गुहेकडे चढणारी माणसं, सप्तरंगी झेंडे, कली कंकाली मातेच्या ठाण्यापुढची गर्दी, सगळं छान आलंय. आता तुझा प्रश्न: ‘मामा, पन्नास वर्षं टिकेल अशी कोणती डिस्क घेऊ?’ तशी डिस्क बाजारात नाही. फोटो टिकतात ते वेळोवेळी नव्या जागी उतरवत राहिल्यामुळे. हे पटलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

प्रत्येक साधनाचं मरण ठरलेलं आहे. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी यांत माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात असते. वीज न मिळता ती वर्षानुवर्षं पडून राहिली तर तो भार झिरपत जातो, उन्हाळ्यात आणखी लवकर. म्हणून ही साधनं ने-आण करायला उत्तम, कपाटात ठेवायला नाहीत. फिरती हार्ड डिस्क साठवणीला स्वस्त आणि बरी, पण तिच्यात यंत्र आहे. पडली की गेली, आणि न पडताही चार-पाच वर्षांनी तिच्यावर भरवसा ठेवू नये. लिहिता येणाऱ्या सीडीवर तर रंगाचा थर असतो. माझ्या स्टुडिओत लोक लग्नाच्या जुन्या सीड्या घेऊन येतात. कुठे थर उडालेला, कुठे आपल्या पावसाळ्यातली बुरशी चढलेली. जी चांगली निघते ती लावायला नव्या लॅपटॉपला खाचच नसते.

मग करायचं काय? आपल्या धर्मगुरू लिंगोची गाथा इतकी शतकं कशी टिकली, ते बघ. परधान गायक किंगरी या तंतुवाद्यावर ती गात आले. एका गावात नाही, गावोगावी. एका तोंडी नाही, अनेक तोंडी. फोटोग्राफर लोक हाच हिशेब ३-२-१ असा मांडतात. पीटर क्रो या अमेरिकन फोटोग्राफरने तो रूढ केला. प्रती तीन, साधनं दोन वेगवेगळ्या प्रकारची, आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. शेवटची अट लोक विसरतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म जिथे ठेवल्या होत्या त्या कोठाराला आग लागली. एकाच छताखाली दहा प्रती ठेवल्या तरी आग, चोरी आणि वीज यांच्या दृष्टीने ती एकच प्रत.

‘क्लाउडवर आहेत ना’ म्हणून निवांत होऊ नकोस. क्लाउड हा तीन प्रतींपैकी एक, तिन्ही नव्हे. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली. आता मिळणाऱ्या १५ जीबीत ईमेलसुद्धा मोजली जाते. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल बंद करू शकतं. शिवाय मोबाइल आणि क्लाउड एकमेकांशी जोडलेले असले की इथे खोडलेला फोटो तिथूनही जातो. काही दिवस कचरापेटीत राहतो इतकंच. मायस्पेस या अमेरिकन संकेतस्थळाने २०१९ मध्ये सांगितलं की सर्व्हर हलवताना लोकांनी वर्षानुवर्षं चढवलेली गाणी, फोटो आणि व्हिडिओ गमावले गेले. ज्यांच्या घरी मूळ प्रत नव्हती, त्यांचं सगळं संपलं.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मूळ समजू नकोस. तो बारीक केलेला असतो आणि कधी काढला ही माहितीही त्यातून निघून गेलेली असते. कोणाकडून घ्यायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागव.

आता नावांबद्दल, कारण त्यात तुम्ही मुलं फार आळस करता. ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांचे फोटो काढले. ते आज लंडनच्या सोआस या संस्थेत आहेत. अशा संग्रहाचा उपयोग होतो तो फोटोसोबत गाव, प्रसंग आणि काळ नोंदलेला असतो म्हणून. तुझ्या फोल्डरचं नाव ‘न्यू फोल्डर ३’ आहे! त्याऐवजी ‘२०२५-०२-१२ कचारगड माघ पौर्णिमा’ असं लिही. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल ठेव: कोण, कुठल्या गावचे, कुठल्या कुळाचे, काय चाललंय. आज आजीला विचारून दहा मिनिटांत होईल. आजी गेल्यावर कोण सांगणार?

फाइल कोणत्या स्वरूपात ठेवायची, तेही महत्त्वाचं. आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावात गोंडी लिपीतली जुनी हस्तलिखितं मिळाली, तेव्हा ती वाचू शकणारी माणसं मोजकीच उरली होती. कागद होता, वाचणारा दुर्मिळ. पुढे अभ्यास झाला, २०१८ मध्ये त्या लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. फाइलचंही तसंच आहे. तुझ्या कॅमेऱ्याची रॉ फाइल जरूर ठेव, पण तिच्या जोडीला उत्तम दर्जाची जेपीईजीही ठेव. तो प्रकार सगळीकडे उघडतो. गाणी टिपलीस तर ती वेव्ह स्वरूपात ठेव.

आणखी एक, आणि हे यंत्राचं नाही. सगळे फोटो सगळ्यांसाठी नसतात. पूजेचे, देवांचे, अंगात आलेल्या माणसांचे फोटो कुठे चढवण्याआधी भुमकाला, म्हणजे पुजाऱ्याला, आणि त्या माणसाला विचार. ते ‘नको’ म्हणाले तर ते फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव आणि क्लाउडवर टाकू नकोस. त्यांच्याही प्रती तीनच कर, फक्त आपल्या माणसांत.

आता खरेदी. सारख्या क्षमतेच्या दोन हार्ड डिस्क घे, शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एका घाण्यातल्या दोन्ही एकदम बिघडणार नाहीत. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. तिसरी प्रत क्लाउडवर, वेगळ्या ठेवलेल्या फोटोंची मात्र घरातल्याच कोणाकडे. डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव. पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर नको. दोन ठिकाणच्या प्रती उघडून पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड पुसायचं नाही. क्लाउडचा पासवर्ड कागदावर लिहून तुझ्या आईकडे दे. तू अडचणीत असलीस तर तिला उघडता आलं पाहिजे.

आणि दरवर्षी माघ पौर्णिमेला आपण कचारगडला भेटतोच. तू तुझी डिस्क आण, मी माझी आणतो. जत्रेआधीच्या संध्याकाळी दोन्ही लॅपटॉपला लावू, इकडचे-तिकडचे शे-दोनशे फोटो उघडून पाहू, नवे दोन्हीकडे उतरवू. चौथ्या-पाचव्या वर्षी जुनी डिस्क चालू असली तरी नवी घेऊ. खर्च अर्धा माझा. पुढे माझ्या वाटची डिस्क तुझ्या धाकट्या भावाकडे जाईल. म्हणून पुढच्या जत्रेपासूनच त्याला सोबत बसव.

तुझा,
मामा