कीचकाची दरी

अमरावतीहून निघा अथवा अकोल्याहून, परतवाडा मागे पडला की सातपुड्याचा घाट सुरू होतो. वळणे घेत मोटार चिखलदऱ्यास पोहोचते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे हे थंड हवेचे ठिकाण. नाव ऐकून पुष्कळांना चिखल आठवतो. परंतु तेथील लोककथा निराळेच सांगते.

बारा वर्षांचा वनवास संपवून पांडव अज्ञातवासासाठी मत्स्यदेशाच्या विराट राजाकडे राहिले. द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेची वेणीफणी करू लागली. भीम बल्लव या नावाने मुदपाकखाना सांभाळू लागला. राणीचा भाऊ कीचक हा राज्याचा सेनापती. सत्तेने उन्मत्त झालेल्या कीचकाने द्रौपदीला भर सभेत लाथ मारली. राजाने त्याला शासन केले नाही. मग भीमाने एके रात्री त्याला नृत्यशाळेत गाठून ठार केले. महाभारताच्या अफाट कथेत कीचक येतो तो एवढाच.

लोककथा पुढे सांगते, की भीमाने त्याचे प्रेत येथील दरीत लोटले. म्हणून हा ‘कीचकदरा’, आणि त्याचाच अपभ्रंश चिखलदरा. भीमाने अंग धुतले ते भीमकुंड, आणि जवळचे वैराट ही विराटाची नगरी. विद्वान मात्र मत्स्यदेश राजस्थानात जयपूरच्या बाजूस दाखवितात. तेव्हा या कथेला इतिहास म्हणता येणार नाही. लोकांना ती इतकी आपली वाटली, की त्यांनी ती आपल्याच डोंगरात आणून वसविली.

असे परदेशांतही घडले आहे. ग्रीक पुराणकथेतील इकारस हा मुलगा मेणाने जोडलेले पंख लावून उडाला. तो सूर्याच्या फार जवळ गेला, मेण वितळले आणि तो समुद्रात पडला. त्या समुद्राला आजही इकारियन समुद्र म्हणतात.

अशी लहान पात्रे लोक का विसरत नाहीत? आपल्या काळातला कोणी तरी त्यांना त्या पात्रात दिसतो, म्हणून. १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ नाटक रंगभूमीवर आले. त्यात एकाही इंग्रजाचे नाव नव्हते. तरीही प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला आणि सैरंध्रीत परतंत्र भारत पाहिला. सरकारलाही ते उमगले. १९१० साली नाटकावर बंदी आली.

मुलांनो, चिखलदऱ्यास गेलात तर दरीच्या काठी क्षणभर थांबा. कीचक तर आठवेलच. पण विराटाच्या सभेत मान खाली घालून बसलेल्यांचीही आठवण करा. त्या दिवशी त्यांच्यापैकी एक जरी उठून उभा राहिला असता, तर?

शब्दार्थ : मुदपाकखाना – राजवाड्यातील स्वयंपाकघर, शासन – शिक्षा, अपभ्रंश – मूळ शब्दाचे बदललेले रूप.

स्वाध्याय
१. चिखलदरा या नावाची कोणती कथा सांगतात?
२. ‘कीचकवध’ नाटकावर बंदी का आली असावी?
३. आपल्या गावाच्या नावाची कथा वडील माणसांना विचारून लिहा.