वैद्यकीय शब्दांची फोड : रुग्णाचे कागद वाचण्याचा एक छोटा पाठ

(आरोग्यशिक्षण)

माण, हिंजवडी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांमधून आमच्या रुग्णालयात येणाऱ्या कुटुंबांचे स्वरूप गेल्या दोन-अडीच दशकांत पुष्कळच पालटले आहे. मुळशी तालुक्याच्या या भागात एकेकाळी शेती हाच मुख्य व्यवसाय होता. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा विस्तार होत गेला, तसे बाह्यरुग्ण विभागाच्या एकाच बाकावर शेतकरी, संगणक अभियंता आणि इमारतीच्या कामावरील बिगारी शेजारी-शेजारी बसू लागले. त्यांचे शिक्षण वेगळे, भाषा वेगळी. परंतु एका बाबतीत तिघांची अडचण सारखीच असते. डिस्चार्ज कार्डावरील ‘कोलेसिस्टेक्टमी’ हा शब्द उत्तम इंग्रजी जाणणाऱ्या अभियंत्यालाही तितकाच परका वाटतो, कारण तो मुळात इंग्रजी नाहीच. तो ग्रीक भाषेतील तुकडे जोडून बनविलेला आहे.

हे तुकडे ओळखता आले तर शब्द आपोआप उलगडतो. ‘कोले’ म्हणजे पित्त, ‘सिस्ट’ म्हणजे पिशवी आणि ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणे. पित्ताची पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया, एवढाच त्याचा अर्थ. आमचे देणगीदार, विश्वस्त आणि विशेषतः रुग्णांचे आप्तेष्ट यांना ही फोड करण्याची रीत परिचित व्हावी, या हेतूने हा लेख दिला आहे.

१. शब्दाची बांधणी

ही बांधणी मराठी माणसाला नवी नाही. ‘रुग्णालय’ हा शब्द ‘रुग्ण’ आणि ‘आलय’ यांचा, तर ‘दवाखाना’ हा ‘दवा’ आणि ‘खाना’ यांचा. दोन्ही ठिकाणी शेवटचे पद प्रधान असते. ती वस्तू काय आहे ते शेवटचे पद सांगते, आणि कोणाची वा कशाची ते आधीचे पद सांगते. वैद्यकीय शब्दही असाच शेवटाकडून वाचावा. शेवटचा तुकडा आजार किंवा क्रिया दाखवितो, मधला अवयव दाखवितो आणि आरंभीचा प्रमाण, स्थान किंवा अभाव दाखवितो.

दोन तुकडे जोडताना मध्ये बहुधा ‘ओ’ हा स्वर येतो आणि पुढचा तुकडा स्वराने सुरू होत असल्यास तो गळतो. म्हणून ‘गॅस्ट्रोस्कोपी’ म्हणतात, पण ‘गॅस्ट्रायटिस’ म्हणतात. ‘गर्भाशय’ आणि ‘उच्छेदन’ यांचे ‘गर्भाशयोच्छेदन’ होते, त्याच जातीचा हा प्रकार आहे.

२. आरंभीचे तुकडे आणि संस्कृतचे नाते

ग्रीक आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातील भाषा असल्याने यांतील कित्येक तुकडे आपल्या ओळखीचे निघतात. ग्रीक ‘हायपर’ हा आपल्या ‘उपरि’चा, ‘हायपो’ हा ‘उप’चा, ‘पेरी’ हा ‘परि’चा आणि ‘डिस’ हा ‘दुस्’ किंवा ‘दुर्’चा भाऊबंद आहे. नकार दाखविणारे ‘अ’ आणि ‘अन्’ तर दोन्हीकडे जसेच्या तसे आहेत. ‘ॲनिमिया’ म्हणजे अन् आणि ‘हीमा’, अर्थात रक्त. ‘ऑस्टिओ’ हा ‘अस्थि’चा आणि ‘ओडोंट’ हा ‘दंत’चा सगोत्र आहे. हृदयाभोवतीच्या आवरणाला ‘पेरिकार्डियम’ म्हणतात. मराठी परिभाषेत त्यासाठी ‘परिहृद’ हा शब्द आहे. दोन्हींची घडण एकच.

या तुकड्यांपैकी ‘हायपर’ आणि ‘हायपो’ यांतील भेद प्रत्येक कुटुंबाने पक्का लक्षात ठेवावा, असा आमचा आग्रह आहे. ‘हायपर’ म्हणजे अधिक, ‘हायपो’ म्हणजे कमी. ‘ग्लायसेमिया’ म्हणजे रक्तातील साखर. मधुमेही रुग्णाच्या कार्डावर ‘हायपोग्लायसेमिया’ लिहिले असेल तर साखर घटल्याचा तो इशारा आहे. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, घाम फुटला, हातपाय थरथरू लागले आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर त्याला लगेच साखर किंवा गोड पेय द्यावयाचे असते. शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काहीही न देता त्वरित रुग्णालय गाठावयाचे असते. ‘मधुमेह म्हणजे साखर वाढलेलीच असणार’ असे समजून अशा वेळी गोड नाकारणे जिवावर बेतू शकते. एका अक्षराचा हा फरक आहे.

‘हायपरटेन्शन’ या शब्दाची अडचण निराळी आहे. मराठी बोलण्यात ‘टेन्शन’ म्हणजे काळजी. त्यामुळे ‘मला कसलेही टेन्शन नाही, मग गोळी कशाला?’ असा प्रश्न आमच्याकडे वारंवार विचारला जातो. येथे ‘टेन्शन’ म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर पडणारा ताण. हा मनाचा आजार नव्हे, तर उच्च रक्तदाब होय. मन शांत असतानाही तो असतो आणि गोळी सोडल्यास मेंदू, हृदय व मूत्रपिंड यांना इजा करीत राहतो.

३. शेवटचे तुकडे : येथे विशेष सावध असावे

शेवटच्या तुकड्यांपैकी ‘आयटिस’ म्हणजे दाह. हेपटायटिस म्हणजे यकृतदाह, गॅस्ट्रायटिस म्हणजे जठरदाह, अपेंडिसायटिस म्हणजे आंत्रपुच्छदाह. परंतु संमतीपत्रकावर सही करण्यापूर्वी ओळखावयाचे तुकडे क्रियावाचक आहेत. ते असे :

स्कोपी : दुर्बिणीने आत पाहणे.
ग्राफी : चित्र किंवा आलेख घेणे.
टमी : छेद देऊन उघडणे.
स्टमी : नवे तोंड किंवा मार्ग तयार करणे.
प्लास्टी : दुरुस्त करणे, नीट आकार देणे.
एक्टमी : कापून काढून टाकणे.

‘अँजिओग्राफी’ आणि ‘अँजिओप्लास्टी’ हे शब्द आता घराघरांत पोचले आहेत. तरीही त्यांची गल्लत होते. ‘अँजिओ’ म्हणजे वाहिनी. ग्राफीमध्ये औषध सोडून वाहिनीचे चित्र घेतात. ती तपासणी आहे. प्लास्टीमध्ये फुग्याच्या साहाय्याने अरुंद वाहिनी रुंद करतात. तो उपचार आहे. हृदयाच्या वाहिनीवर अशी पहिली प्लास्टी आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ साली झुरिच येथे केली. दोन्ही क्रियांचा खर्च, धोका आणि नंतरची औषधे यांत मोठे अंतर आहे.

या शेवटच्या तुकड्यांचे महत्त्व २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या एका प्रकरणातून स्पष्ट होते. दिल्लीतील एका महिलेने लॅपरोस्कोपीसाठी, म्हणजे दुर्बिणीने पोटाच्या आत पाहण्यासाठी, सही केली होती. गरज पडल्यास लॅपरोटमी, म्हणजे पोट उघडणे, असाही त्यात उल्लेख होता. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि दोन्ही बाजूंच्या बीजवाहिन्या व अंडाशय काढण्यात आले. कागदावर ‘स्कोपी’ आणि ‘टमी’ होते. प्रत्यक्षात झाली ती ‘एक्टमी’. न्यायालयाने असे ठरविले, की तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती मानता येत नाही. जीव वाचविण्यासाठी विलंब शक्यच नसेल, तेवढाच अपवाद. सज्ञान रुग्ण काही वेळाने शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकत असेल, तर नातेवाइकाची संमती तिच्या जागी चालत नाही, हेही या निकालाने सांगितले.

आपल्या महाराष्ट्रातील अनुभव याहून व्यापक आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. यामागे गरिबी, मजुरी बुडण्याचे भय आणि चुकीचा सल्ला अशी अनेक कारणे आहेत. केवळ एक शब्द समजल्याने ती दूर होणार नाहीत. तथापि ‘हिस्टरेक्टमी’ म्हणजे ‘पिशवी साफ करणे’ नसून ती कायमची काढणे होय, एवढे ज्या स्त्रीला ठाऊक आहे, ती निदान ‘दुसरा उपाय आहे का?’ असा प्रश्न विचारू शकते.

४. मराठी पर्याय आणि लोकांचे शब्द

१९६० साली महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय स्थापन केले. त्याने सिद्ध केलेल्या अनेक परिभाषा कोशांत वैद्यकाशी संबंधित विषयांचेही कोश आहेत. त्यातील बहुतेक शब्द संस्कृत घडणीचे आहेत. काही रुळले, काही ग्रंथांतच राहिले. लोकांनी मात्र स्वतःचे शब्द फार पूर्वीच घडविले होते, आणि त्यांची रीतही जोडणीचीच आहे. ग्रीकात ‘नेफ्रो’ म्हणजे मूत्रपिंड आणि ‘लिथ’ म्हणजे दगड. यावरून ‘नेफ्रोलिथियासिस’ झाला. आपल्याकडे ‘मूतखडा’ म्हणतात. ‘हेमिप्लेजिया’मध्ये ‘हेमि’ म्हणजे अर्धा. आपण ‘अर्धांगवायू’ म्हणतो. खेड्यातील आजीचा ‘मूतखडा’ हा शब्दही तितकाच शास्त्रशुद्ध आहे, हे सांगताना आम्हांस समाधान वाटते.

५. फोडीच्या मर्यादा

फोड ही अर्थाची वाट दाखविते, निदान करीत नाही. ‘ॲनिमिया’ची फोड ‘रक्त नसणे’ अशी होते. प्रत्यक्षात हिमोग्लोबिन कमी असते. ‘मलेरिया’ हा इटालियन शब्द ‘दूषित हवा’ असा आहे. तो डासांमुळे पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांच्या १८९७ सालच्या संशोधनाने उलगडले, तरी जुने नाव टिकले. ‘ओमा’ म्हणजे बहुधा गाठ. पण ‘हिमॅटोमा’ म्हणजे साकळलेले रक्त, कर्करोग नव्हे, आणि ‘ग्लॉकोमा’ हा डोळ्यातील मज्जातंतूचा विकार, त्यात गाठ नसतेच. तसेच ‘नेफ्रॉलॉजिस्ट’ मूत्रपिंडाचे आणि ‘न्यूरॉलॉजिस्ट’ मज्जासंस्थेचे तज्ज्ञ असतात. उच्चारसाम्यामुळे चुकीच्या विभागात रांग लावू नये.

६. स्वाध्याय

पुढील शब्दांची फोड स्वतः करून पाहावी : टॉन्सिलेक्टमी, आर्थ्रोस्कोपी, ट्रॅकिओस्टमी, हायपोथायरॉइडिझम. उत्तरे अनुक्रमे अशी : टॉन्सिल काढणे, सांधा दुर्बिणीने पाहणे, श्वासनलिकेला गळ्यावर तोंड करणे, थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावणे.

शेवटी रुग्णांच्या आप्तेष्टांना नम्र विनंती अशी, की सही करण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारावेत : हा शब्द कोणत्या अवयवाचा? त्या अवयवाचे नेमके काय करणार, पाहणार, दुरुस्त करणार की काढणार? आणि हे न केल्यास दुसरा मार्ग कोणता? असे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे नव्हे. तो आपला हक्क आहे आणि उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे. आपल्या घरातील शाळा-महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींना हा पाठ वाचावयास द्यावा. पुढच्या वेळी आजीच्या कार्डावरील शब्द त्यांनीच तिला समजावून सांगावा, अशी आमची इच्छा आहे.