अनुमापनाचा हिशेब : आम्लाची संहती कशी काढावी?

आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि पेशाने बँकेतील कारकून. तेव्हा रसायनशास्त्रावर आम्ही लिहावे याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु मुलांच्या प्रयोगवह्या चाळताना असे ध्यानात येते की, ब्युरेट नीट वाचूनही गुण जातात ते शेवटच्या चार ओळींत; आणि त्या ओळी निव्वळ हिशेबाच्या असतात. ज्यांना शिकवणी परवडत नाही, घरात विचारावे असे कोणी नाही, त्यांचे हे गुण जाऊ नयेत एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

उदाहरणच घेऊ. पिपेटने १० मिलिलिटर सल्फ्युरिक आम्ल फ्लास्कमध्ये घेतले, त्यात दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन टाकले. ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आहे. फिकट गुलाबी रंग येऊन अर्धा मिनिट टिकला की थांबायचे. पहिल्या खेपेस १२.९ मिलिलिटर लागले (ते अंदाजापुरते, हिशेबात धरू नये), पुढच्या तिन्ही खेपांस १२.४.

वापरलेल्या सोडियम हायड्रॉक्साइडचे मोल : ०.१ × १२.४ ÷ १००० = ०.००१२४. इथवर सहसा कोणी चुकत नाही. पुढे मात्र हाच आकडा आम्लाच्या नावे मांडला जातो आणि उत्तर नेमके दुप्पट येते!

सल्फ्युरिक आम्लाच्या एका मोलला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन मोल लागतात. आमच्या काउंटरवरचेच पाहा. दहाच्या नोटांचे सुटे मागणाऱ्यास आम्ही पाचाची १२४ नाणी दिली, तर त्याच्याकडून नोटा ६२ च घ्यायच्या. नग सारखे नसतात, रक्कम सारखी असते. म्हणून आम्लाचे मोल ०.०००६२. हे झाले १० मिलिलिटरमध्ये. एका लिटरमध्ये त्याच्या शंभरपट. म्हणजेच संहती ०.०६२ मोलर. त्यास ९८ या रेणुवस्तुमानाने गुणले की लिटरमागे सुमारे ६.०८ ग्रॅम.

या घोटाळ्याचे एक मूळ आम्हाला जुन्या पुस्तकांत दिसते. त्यांत नॉर्मॅलिटी आणि आकारमान यांच्या गुणाकाराचे सूत्र असते. ते कोणत्याही आम्लास चालते, कारण ही दुप्पट नॉर्मॅलिटीतच धरलेली असते. तेच सूत्र मोलॅरिटीला लावले, तर हायड्रोक्लोरिक आम्लासारख्या एकास एक जोडीपुरतेच ते खरे ठरते. ऑक्झॅलिक आम्लालाही दोनच लागतात. मात्र सूत्रातले सगळे हायड्रोजन मोजू नयेत. ॲसिटिक आम्लात ते चार असले तरी देण्याजोगा एकच असतो.

आणखी एक शंका हमखास निघते, ती ओल्या फ्लास्कची. फ्लास्कमध्ये डिस्टिल्ड पाणी राहिले तरी आम्लाचे मोल बदलत नाहीत, तेव्हा काळजी नको. पिपेट मात्र त्याच आम्लाने विसळून घ्यावे, नाहीतर १० मिलिलिटरमध्ये पाणीही मोजले जाते.