पोरीच्या हाती बंदूक कशाला?

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. तिला एअर रायफल शिकायची आहे. घरी सासूबाई नाही म्हणतात आणि गावातही कुजबुज सुरू झाली. परवाना लागेल का? लोकांची समजूत कशी घालू?
– एक आई, लोधीखेडा

उत्तर : ताई, भीती साहजिक आहे, पण या रायफलीत बारूद नसते. दाबलेल्या हवेने ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. १० मीटरवरच्या कागदी निशाणावर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. सगळा खेळ श्वास रोखून स्थिर राहण्याचा. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या, २० ज्यूलपर्यंतच्या रायफलीला परवाना लागत नाही. खरेदीची पावती मात्र जपून ठेवा.

भाषणाने कुणाचं मन वळत नाही. मुख्याध्यापकांना भेटा, जाणत्या प्रशिक्षकाला शाळेत बोलवा, आयांना आणि आज्यांनाही बसवा. सासूबाईंना प्रशिक्षकाच्या देखरेखीत एक छर्रा मारू द्या! कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये रायफल नेमबाजीत ऑलिंपिक कांस्य जिंकलं, हे सांगा. आपल्याच मध्य प्रदेशातला, खरगोन जिल्ह्याचा नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर भोपाळच्या सरकारी अकादमीत घडला.

एक गोष्ट कडक पाळा : संत्र्याच्या बागेत पाखरं किंवा माकडं हाकलायला ही रायफल कुणाच्याही हाती देऊ नका. तसं एकदा झालं, तर गावाचा विश्वास परत मिळणार नाही. सराव प्रशिक्षकासमोरच, डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून. छर्रे शिशाचे असतात, म्हणून नंतर साबणाने हात धुवायचे.