सर्व्हरची रॅम 'फुल्ल' दिसतेय? नवीन घेण्याआधी हे समजून घ्या



बिलिंगचं सॉफ्टवेअर स्लो झालं की पहिला सल्ला ठरलेला: "रॅम वाढवा." पण पैसे खर्च करण्याआधी असलेली रॅम कोण वापरतंय हे बघायला नको का?

एकच पान, दोन झेरॉक्स

समजा, तुमच्या जुन्या वह्या माळ्यावर आहेत. ही झाली डिस्क. माळ्यावर चढणारा मुलगा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल. मुनीमजी म्हणजे डेटाबेस. मुनीमजींनी पान मागितलं की मुलगा ते आणून देतो, आणि पुन्हा चढायला लागू नये म्हणून एक झेरॉक्स स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो. लिनक्समध्ये या ड्रॉवरला 'पेज कॅश' म्हणतात. मुनीमजीही एक प्रत आपल्या टेबलावर ठेवतात. पोस्टग्रेसमध्ये हे टेबल म्हणजे 'शेअर्ड बफर्स'. त्यात 8 केबीची पानं असतात.

म्हणजे एकच पान रॅममध्ये दोनदा असू शकतं.

रॅम खरंच भरलीय का?

लिनक्सवर 'फ्री' कमांड चालवा. 'बफ/कॅश' खालचा मोठा आकडा बघून घाबरू नका. रिकामी रॅम पडून राहण्यापेक्षा कर्नल ती कॅशसाठी वापरतो आणि प्रोग्रॅमला लागली की बरीचशी सोडून देतो. खरा आकडा 'अव्हेलेबल'चा.

कुणाला किती?

पोस्टग्रेस: शेअर्ड बफर्सची मूळ सेटिंग बहुधा 128 एमबी असते. सर्व्हर फक्त डेटाबेससाठी असेल, तर एकूण रॅमच्या 25 टक्क्यांपासून सुरुवात करा. म्हणजे 8 जीबीला 2 जीबी. 40 टक्क्यांच्या वर गेल्यास सहसा फायदा होत नाही, कारण पोस्टग्रेस कर्नलच्या कॅशवरही अवलंबून असतो.

मायएसक्यूएल: इथे हिशोब वेगळा. इनोडीबीचा स्वतःचा 'बफर पूल' असतो आणि 'ओ-डायरेक्ट' सेटिंग असेल, तर डेटा फाइलींसाठी कर्नलचा ड्रॉवर टाळला जातो. म्हणून फक्त डेटाबेससाठीच्या सर्व्हरवर 80 टक्क्यांपर्यंत रॅम देतात. पण त्याच मशीनवर बिलिंगही चालत असेल, तर हा आकडा कमी ठेवा. नाहीतर मशीन स्वॅपवर जाईल आणि आणखी रखडेल.

वेगासाठी हे मात्र करू नका

बिल सेव्ह होताना डेटाबेस कर्नलला सांगतो, "हे ड्रॉवरमध्ये नको, आत्ताच डिस्कवर लिही." याला 'एफसिंक' म्हणतात. कुणी म्हणेल, "एफसिंक बंद करा, फास्ट चालेल." चालेलही! पण ऐन गर्दीत लाइट गेली, तर ग्राहकाच्या हातात बिल असेल आणि तुमच्याकडे नोंद नसेल. अख्खा डेटाबेसही खराब होऊ शकतो.

हा विषय किती नाजूक आहे ते 2018 मध्ये दिसलं. लिनक्सवर एफसिंक एकदा फेल झाल्यावर दुसऱ्यांदा 'झालं' असं उत्तर मिळू शकतं, पण डेटा डिस्कवर गेलेलाच नसतो, हे पोस्टग्रेसच्या लोकांच्या लक्षात आलं. त्यानंतर पोस्टग्रेस अशा वेळी मुद्दाम बंद पडतो आणि आपल्या लॉगमधून नोंदी पुन्हा उभ्या करतो. चुकीच्या हिशोबापेक्षा दोन मिनिटं थांबलेलं दुकान परवडलं.

आजचा गृहपाठ

सॉफ्टवेअरवाल्याला तीन प्रश्न विचारा:

1. डेटाबेस कोणता, आणि त्याला किती रॅम दिलीय?
2. गर्दीच्या वेळी 'अव्हेलेबल' किती उरते?
3. एफसिंक चालू आहे ना?

उत्तरं वहीत लिहा, मग रॅमचं कोटेशन मागवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!